ओकारीची पिशवी

आमच्या घरी माजघरातल्या खुंट्यांवर दोन पिशव्या कायम टांगलेल्या असत. एक अप्पांची, पूजेची. तिच्यात भस्माची गोळी, रुद्राक्षाची माळ आणि धुतलेला पंचा. दुसरी अव्वाची, आणि तिला घरात सगळेच ओकारीची पिशवी म्हणत. पहिलीला शिवायच्या आधी हात धुवावे लागत आणि दुसरीला शिवल्यानंतर. मी या दोघांची एकुलती लेक आणि मला गाडी लागायची. वर्षातून दोनदा आम्ही अव्वाच्या माहेरी, भोकरला जात असू. लातूर ते नांदेड एक गाडी, तिथून भोकरची दुसरी. लातूर सुटलं की चाकूर येईपर्यंत माझा चेहरा पांढरा पडे आणि चाकूर मागं पडलं की तोंडाला पाणी सुटू लागे. पुढचं सगळं ठरलेलं असे.

त्या पिशवीत काय काय असे ते मला आजही तोंडपाठ आहे. चुलीतली चाळून घेतलेली राख भरलेला पत्र्याचा डबा, साड्यांच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पाण्याची बाटली, जुनं वर्तमानपत्र, अर्धं लिंबू, पुरचुंडीत ओवा आणि मांजरपाटाच्या नऊ-दहा घड्या. अप्पांचं गोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, कापडाचं दुकान होतं. तागा संपला की शेवटचा हात-दीड हाताचा तुकडा उरे, तो अव्वा मागून घेई, धुऊन वाळवे आणि त्याच्या घड्या पिशवीत ठेवी. दुकानातला दिवाणजी हसायचा, म्हणायचा, "वहिनी, नव्या कोऱ्या कापडानं कोण वकारी पुसतंय का?" अव्वा म्हणायची, "चिंधीनं पुसलं की फासलं जातंय. कोऱ्या कापडानं निघतंय."

अव्वाची एक रीत होती आणि ती तिनं मला सहाव्या-सातव्या वर्षीच शिकवली. खिडकीतून बाहेर ओकायचं नाही, कारण वाऱ्यानं ते मागच्याच्या तोंडावर जातं आणि रस्त्यानं चालणाऱ्याच्या अंगावरही. आतच, पायाशी, वाकून ओकायचं. ओकून झालं की पहिलं काम सांगायचं. "मला उलटी झालीय, पाय सांभाळा," असं मोठ्यानं, शेजारच्या चार बाकांना ऐकू जाईल असं. मग राख टाकायची आणि ती ओल पिऊन घेईपर्यंत घाई न करता थांबायचं. पुठ्ठ्यानं गोळा करून कागदात बांधायचं. मग ओलं कापड, मग कोरडं. आणि तो बोळा खाली कुठंही न टाकता आपल्याबरोबर न्यायचा, घरी गेल्यावर परसात खड्डा करून पुरायचा. पुसायचं मला कधी जड गेलं नाही. मोठ्यानं सांगायचं तेवढं जीव घेई. सगळी गाडी वळून बघायची. मी अव्वाला म्हणायची, "आधी पुसू दे ना, मग सांगते." ती म्हणायची, "पुसल्यावर सांगायला काय ऱ्हातंय?"

अप्पांना ही सगळी भानगड आवडत नसे. त्यांच्या बायकोनं, अख्ख्या गोलाईत ज्यांना मान होता त्यांच्या बायकोनं, गाडीत गुडघे टेकून लोकांच्या वहाणांमधून हात घालायचा याची त्यांना शरम वाटे. "लोक असतात त्या कामाला," असं ते म्हणत. आमच्या घरी रोज सकाळी शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं म्हटली जात आणि त्यांत हातानं करायच्या कामाची थोरवी ओळीओळीला असे. अप्पांचा आवाज गोड होता. ते वचनं म्हणू लागले की शेजारची माणसं ओट्यावर येऊन बसत. अव्वाला वचनं पाठ नव्हती. ती तेवढ्या वेळात अंगण झाडून घेई.

आता या कामाला सगळीकडे मावशी असतात. दवाखान्यात मावशी, बँकेत मावशी, माझ्या नातवाच्या क्लासमध्ये मावशी. परीक्षेच्या धास्तीनं कुणी पोरगं जिन्यात ओकलं की सर वरूनच ओरडतात, "मावशींना बोलवा." पोरगं तोंड धुऊन वर्गात जाऊन बसतं. नात्याचा शब्द दिला की काम हक्काचं होतं, ही युक्ती कुणाला सुचली कोण जाणे. मी नातवाला एकदा म्हटलं, तुला झाली तर तू पूस. तो म्हणाला, "आजी, त्यांचा जॉब आहे तो." चांगलं पोरगं आहे. मी पुढं काही बोलले नाही, कारण मला बोलायचा अधिकार नाही. तो कसा गेला ते सांगायलाच हे प्रकरण लिहिते आहे.

मी बारा वर्षांची होते. अव्वा मामीच्या बाळंतपणाला आधीच भोकरला गेली होती आणि बारशाला मी आणि अप्पा मागून जाणार होतो. जायच्या आधी अव्वानं पिशवी भरली, राखेच्या डब्यावर फडकं बांधून त्याला गाठ मारली आणि मला म्हणाली, "तुझ्या अप्पाला जमायचं न्हाई. तुझं तू कर. येतंय तुला आता." मला मोठं झाल्यासारखं वाटलं. प्रवासाच्या दिवशी अव्वा मला ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा आणि लिंबाचं लोणचं, एवढंच देई. पण त्या दिवशी चुलीशी अव्वाच्या जागी काकू होत्या. "आजोळी चाललीय लेक, कोरड्या तोंडानं कशी जाईल?" म्हणून त्यांनी शिरा केला, केशरी रंगाचा, तुपानं थबथबलेला. मला बेदाणे आवडतात म्हणून मूठभर बेदाणे जास्तीचे घातले. मी दोन वाट्या शिरा खाल्ला. अप्पांनीही कौतुकानं खाऊ दिला.

गाडी भरलेली होती. अप्पा खिडकीशी बसले आणि मी वाटेच्या बाजूला. चाकूरला एक बाई चढली. हिरवं विटलेलं लुगडं, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, खांद्यावर दीड-दोन वर्षांचं लेकरू. लेकराला ताप होता, त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. त्याच्या अंगावर पिवळ्या चौकडीचं दुपटं होतं. जागा मिळण्याची आशा नव्हतीच, तेव्हा ती आमच्या बाकाजवळ खालीच बसली आणि मला म्हणाली, "जरा पाय आत घे गं माय." मी घेतले. कुणीतरी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं की नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात चालली आहे, लेकराच्या पोटात दोन दिवस काही ठरत नाही, काल तर त्यानं तोंडच उघडलं नाही.

चाकूरपासून दोन-तीन कोस पुढं गेलो असू. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पिशवी माझ्या पायाखाली होती. मी वाकले आणि सगळा शिरा खाली आला, थोडा माझ्या चपलांवर, बराचसा त्या बाईच्या पुढ्यात. तिनं तोंड फिरवलं नाही. लेकराला एका मांडीवर सरकवलं आणि मोकळ्या हातानं माझं कपाळ धरलं, अव्वा धरायची तसंच, अंगठा एका कानशिलावर आणि बोटं दुसऱ्यावर. "येऊ दे, येऊ दे समदं," म्हणाली. तिचा हात खरखरीत होता आणि गार होता. दुसरा उमाळा येऊन गेला तोवर तिनं कपाळ सोडलं नाही.

मी मान वर केली. आता सांगायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण अप्पांनी मला दंडाला धरून मागं टेकवलं, पंचा ओला केला, माझं तोंड पुसलं आणि मग कपाळ पुसलं, ते जरा जास्तच जोर लावून पुसलं. मग आपल्या पूजेच्या पिशवीतून भस्माची गोळी काढली, तीन बोटं फिरवली आणि माझ्या कपाळावर तीन ठसठशीत पट्टे ओढले. माझे पाय उचलून त्यांनी मला बाकावर मांडी घालून बसवलं. हे सगळं इतक्या शांतपणे झालं की मागच्या बाकाला वाटलं असेल बाप लेकीचं डोकं चेपतोय. पायाखालच्या पिशवीत राखेचा डबा होता तसा होता. आमच्या घरातली दोन्ही प्रकारची राख त्या दिवशी गाडीत होती आणि अप्पांनी त्यांना ठाऊक असलेली वापरली.

वास पुढं गेला आणि कंडक्टर माणसं बाजूला सारत आला. "कोण वकलं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या पट्ट्यांचं कपाळ, चोपून घातलेली वेणी, शेजारी जरीच्या टोपीतले अप्पा. मग त्यानं खाली पाहिलं. "अशी आजारी पोरं गाडीत घालून आणता अन् घाण करता. काय करून राहिली बाई तू? पूस ते आधी."

"माझ्या लेकरानं न्हाई केलं दादा," ती म्हणाली. "दोन दिस झाले, दाना न्हाई त्याच्या पोटात. उपाशी लेकरू काय वकंल? बघा की तुम्हीच. बेदाणे हायत त्यात."

सगळ्यांनी पाहिलं. मला ते दृश्य अजून दिसतं, त्या चार बाकांवरून पुढं झुकलेल्या माना. फुगलेले, अख्खे, न चावलेले बेदाणे, केशरी रव्यात. त्या गाडीत न कळण्यासारखं काही उरलं नव्हतं. कंडक्टरलाही कळलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "अप्पा, तुमच्याकडलं हाय का हे?" अप्पा म्हणाले, "आमची पोरगी पूजा करून निघालीय सकाळी." एवढंच. ते खोटं नव्हतं. मी पूजा करूनच निघाले होते. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, जड.

बाईनं कंडक्टरकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं नाहीच, माझ्याकडे पाहिलं. "बोल की गं माय," म्हणाली. रागानं नाही. मला येत नसेल असं समजून, शिकवल्यासारखं म्हणाली. आणि मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर तुरीची रानं होती. तिनं लेकराच्या अंगावरचं दुपटं काढलं आणि त्यानं पुसायला लागली. आमच्या पिशवीतल्या मांजरपाटाच्या कोऱ्या घड्या तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होत्या. पुसताना तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मागून कुणीतरी म्हणालं की लेकराला वकारी-हगवणीची साथ असेल, सगळ्यांना लागंल, उतरवा तिला. चारजण म्हणाले की मग पाचवा म्हणतोच. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरनं तिला उतरवलं. मागच्या गाडीनं ये म्हणाला. ती काही भांडली नाही. एका हातात उघडं लेकरू आणि दुसऱ्या हातात तो बोळा घेऊन उतरली. बोळा तिनं तिथं टाकला नाही. नळाकडे चालत गेली.

अप्पा वाईट नव्हते. हे मी आज लिहिते तेव्हा माझीच मला चीड येते, पण ते वाईट नव्हते. दरवर्षी शिवरात्रीला ते गरिबांना कापड वाटत, माझ्या हातानं वाटवत. लोहा गेल्यावर त्यांनी मला लिमलेटची गोळी दिली आणि म्हणाले, "अव्वाला सांगून जीव खाऊ नको तिचा." भोकरच्या गाडीत मला ओकारी झाली नाही. पोटात काही उरलंच नव्हतं.

अव्वा दारातच भेटली. तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिचं वजन तिला कळलं. डब्याची गाठ पाहिली. तिनं मारली होती तशीच होती. "वकली न्हाईस?" मी म्हटलं, "न्हाई." अप्पा म्हणाले, "शहाणी झाली आता." अव्वा खाली वाकली आणि माझ्या परकराच्या झालरीत अडकलेला एक बेदाणा तिनं नखानं काढला. तो तळहातावर घेऊन तिनं माझ्यापुढं धरला. बराच वेळ धरला.

"कुणी पुसलं?"

"लोक हायत की त्याला," अप्पा म्हणाले.

"मी हिला इचारून राहिले. कुणी पुसलं?"

तेव्हा मी सांगितलं. रडत रडत, पण सगळं सांगितलं, हिरवं लुगडं, हनुवटीवरचे ठिपके, चौकडीचं दुपटं, मोठा दवाखाना. अव्वानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती आत गेली, तिनं मांजरपाटाच्या सगळ्या घड्या काढून मोजल्यासारख्या चाचपून पाहिल्या, पुन्हा ठेवल्या. अप्पांशी ती त्या दिवशी बोलली नाही. पाहुण्यांच्या घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ती एरवीही त्यांच्याशी कमीच बोलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिनं मला नांदेडला नेलं. घरी सांगितलं की बारशासाठी कुंची आणायची आहे. तिच्या हातात ओकारीची पिशवी होती आणि तिच्यात मामीच्या बाळासाठी शिवलेलं नवं दुपटं. गाडीत ती एवढंच बोलली, "सापडली की तू सांगायचं. मी न्हाई. समद्यांसमोर सांगायचं."

दवाखान्याचं आवार माणसांनी फुललं होतं. आम्ही एकेक खोली, एकेक व्हरांडा बघत निघालो. अव्वा प्रत्येक बाईच्या तोंडाकडे पाहत होती आणि मी तिच्या मागं मागं चालत होते. आणि मागच्या व्हरांड्यात ती होती. खांबाला टेकून बसलेली. लेकरू पदराखाली होतं, त्याचे पाय हलत होते. कठड्यावर पिवळ्या चौकडीचं दुपटं धुऊन वाळत घातलेलं होतं आणि त्यावर केशरी डाग राहिला होता. भोवती वीस-पंचवीस बायाबापड्या. तिनं मला पाहिलं. तिनं ओळखलं आणि ती बघत राहिली.

अव्वा थांबली. "ही का?" तिनं विचारलं.

मला ते वीस-पंचवीस चेहरे दिसले. ते सगळे माझ्याकडे वळलेले दिसले, वळायच्या आधीच. मी म्हटलं, "न्हाई. ही न्हाई."

अव्वानं त्या बाईच्या हनुवटीकडे पाहिलं, कठड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नीट बघ," म्हणाली. मी नीट बघितलं आणि पुन्हा म्हटलं, "न्हाई." त्या बाईनं तोंड फिरवलं आणि लेकराच्या अंगावरचा पदर सारखा केला. "चल मग," अव्वा म्हणाली. आम्ही कुंची घेतली आणि परत आलो. नव्या दुपट्याची घडी मोडलीच नाही. ते मामीच्या बाळाला गेलं.

पुढं मी शिक्षिका झाले. पस्तीस वर्षांच्या नोकरीत वर्गात पोरं ओकली की शिपायाला कधी हाक मारली नाही. स्वतः राख टाकली, स्वतः पुसलं. निरोपसमारंभात तीन जणांनी भाषणात त्याचा उल्लेख केला आणि मला बरं वाटलं. पुसण्याचं मला काहीच वाटत नाही, हे त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. अव्वा त्या समारंभाला पहिल्या रांगेत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिचे हात मांडीवर होते.

तिच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षात तिला लातूरला एका डॉक्टरांकडे दर पंधरवड्याला न्यावं लागे. एकदा नंबराची वाट बघत बसलो असताना तिला बसल्या जागी उलटी झाली. चकचकीत फरशी, भिंतीवर टीव्ही, खुर्च्या भरलेल्या. काउंटरवरची मुलगी मान वर न करता ओरडली, "मावशी, इकडं या." माझ्या पर्समध्ये राख नसली तरी कापड होतं, ते कायमच असे. मी खाली वाकले. अव्वानं माझा हात बाजूला केला. ऐंशी ओलांडलेली बाई, खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली आणि त्या सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला झालीय हो. पाय सांभाळा." टीव्ही बघणारी माणसंसुद्धा वळली. मग ती खाली बसली आणि माझ्या हातातलं कापड घेऊन तिनं पुसलं, सावकाश, कडेकडेनं, मध्ये आणत. मावशी बादली घेऊन आली आणि नुसती उभी राहिली.

खुर्चीत परत बसवल्यावर तिला धाप लागली होती. मी पाणी दिलं. ती एक घोट प्यायली आणि समोर बघत म्हणाली, "ती खांबाला टेकून बसलेली, तीच व्हती."

साठीची मी. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, चाकूरच्या पुढं सुटायचं तसं. "तुला कळलं होतं? मग तू का नाही बोललीस, अव्वा?"

"तू सांगशील म्हणून थांबले व्हते," ती म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीनं तिचं नाव पुकारलं. अव्वानं कापडाचा बोळा कागदात गुंडाळला, तो माझ्याकडे दिला नाही, आपल्या पिशवीत ठेवला आणि भिंतीला धरून एकटीच आत गेली.